जिवंत प्राणी न वापरता मायक्रोसर्जरीचा सराव: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मायक्रोसर्जरीचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या शिवायचा, सराव करणाऱ्या रेसिडेंटची (शिकाऊ सर्जनची) वही उघडली की तिच्यात बहुतेक वेळा एकच आकडा सापडतो: किती ॲनास्टोमोसिस (रक्तवाहिनीच्या दोन टोकांचे जोड) केले. वीस, तीस, चाळीस. त्यातले किती कापून आतून बघितले, असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

जिवंत उंदराच्या आर्टरीवर (धमनीवर) टाका चुकला तर ती लगेच सांगते. रक्त येतं, गुठळी धरते, जोड बंद पडतो. चिकनच्या दुकानातून आणलेली तंगडी काहीच सांगत नाही. चुकलेला जोडही बाहेरून देखणा दिसतो. म्हणून मॉडेल निर्जीव असलं की चूक शोधायचं काम आपल्याकडे येतं. खालचा सगळा क्रम त्या एका कामासाठी लावला आहे.

प्राणी का टाळायचे, हा वाद इथे घालत नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्येच म्हटलं आहे की केवळ हाताचं कौशल्य मिळवण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग शक्यतो होऊ नयेत. आपण थेट तयारीला लागू.

आधी जमवायचं सामान

चिमटे दोन: ज्वेलर्स फोर्सेप्स नंबर ३ आणि नंबर ५. एक बाकदार नीडल होल्डर, लॉक नसलेला. एक सरळ आणि एक बाकदार मायक्रो सिझर्स. एक व्हेसल डायलेटर (व्हेसलचं, म्हणजे रक्तवाहिनीचं, तोंड रुंद करायला). दुहेरी ॲप्रॉक्झिमेटर क्लॅम्प (कापलेली दोन टोकं जवळ धरणारा चाप) एक, सुटे क्लॅम्प दोन. ८-०, ९-० आणि १०-० नायलॉनचे धागे (आकडा मोठा तसा धागा बारीक). सलाइन, २४ नंबरचा पिवळा कॅन्युला (सलाइन लावायची बारीक नळी), सिरिंज, आणि मागे ठेवायला गडद निळ्या फुग्याचा कापलेला तुकडा. फुगा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडेही मिळतो. तो मागे नसेल तर १०-० चा धागा दिसतच नाही. हा धागा डोक्याच्या केसापेक्षा बारीक असतो.

टाक्यांचे धागे महाग पडतात. ऑपरेशन थिएटरच्या स्टोअरमध्ये मुदत संपलेली पाकिटं असतात, ती सिस्टरांना विचारून, रीतसर नोंद करून मागून घ्या आणि प्रत्येकावर मार्करने ‘फक्त सराव’ असं लिहा.

*इशारा:* सरावाची हत्यारं आणि पेशंटची हत्यारं कधीही एका डब्यात ठेवायची नाहीत. चिकनला लागलेलं हत्यार धुऊन, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करूनही थिएटरच्या ट्रेमध्ये जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा.

*तपासा:* दोन्ही चिमट्यांची टोकं सर्वात मोठ्या मॅग्निफिकेशनखाली मिटून बघा. ती जुळत नसतील तर गाठ बसत नाही आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. सुई चिमट्याला चिकटून सुटत नसेल तर चिमट्यात चुंबकत्व आलं आहे. डीमॅग्नेटायझरमधून काढा.

टप्पा १: जागा आणि मायक्रोस्कोप

मुंबईत जागेची अडचण असतेच. मिळेल त्या खोलीत टेबल लावायचं, पण दोन गोष्टी पाहून. पहिली, थरथर. इमारत रेल्वेच्या रुळांजवळ असेल तर २५ पट मॅग्निफिकेशनला प्रत्येक लोकल दिसते. सुईचं टोक थरथरतं, नवख्याला वाटतं आपलाच हात हलतो आहे. टेबल खोलीच्या मधोमध न ठेवता भक्कम भिंतीला, शक्यतो कोपऱ्याला लावा. दुसरी, पंखा. छताचा पंखा बंद. तो धागा उडवतो आणि टिश्यू पाच मिनिटांत सुकवतो. मे महिन्यात एसीशिवाय हे जड जातं, हे मान्य. टेबलफॅन पायांच्या बाजूला खाली ठेवा.

मग मायक्रोस्कोप, या क्रमाने:

१. आधी खुर्ची. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, मान ताठ. मायक्रोस्कोप तुमच्याकडे आणायचा, तुम्ही वाकून त्याच्याकडे जायचं नाही.
२. दोन्ही आयपीसमधलं (डोळे लावायच्या नळ्यांमधलं) अंतर डोळ्यांना जुळवा. दोन वर्तुळांचं एक वर्तुळ दिसेपर्यंत.
३. दोन्ही डायॉप्टर (आयपीसवरची, डोळ्याचा नंबर जुळवायची कडी) शून्यावर.
४. सर्वात *मोठ्या* मॅग्निफिकेशनला जाऊन फोकस करा.
५. सर्वात लहान मॅग्निफिकेशनला या आणि आता फोकसला हात न लावता एकेका डोळ्याचं डायॉप्टर फिरवून चित्र स्पष्ट करा.

चौथी आणि पाचवी पायरी बहुतेक जण उलटी करतात. लहान मॅग्निफिकेशनला फोकस करून काम सुरू करतात आणि झूम केलं की सगळं धूसर. मग दर टाक्याला फोकस फिरवत बसायचं, तासाभरात डोकं दुखायला लागतं.

मायक्रोस्कोप मिळत नसेल तर सुरुवातीच्या रबरावरच्या कामाला यूएसबी मायक्रोस्कोप चालतो. लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे तो मिळतो. पण पडद्यावर खोली कळत नाही. जोड शिकायला दोन डोळ्यांचाच मायक्रोस्कोप हवा.

टप्पा २: हात

सरावाला बसायच्या आधी निदान पंधरा मिनिटं हात मोकळे ठेवा. लोकलमध्ये तासभर वरची कडी धरून उभं राहून आलात आणि लगेच बसलात तर बोटं थरथरणारच. जड बॅग उचलून चार जिने चढून आलात तरी तेच.

मनगटापासून करंगळीपर्यंतची हाताची कड पूर्ण टेकलेली हवी. दोन घड्या घातलेले टॉवेल मनगटाखाली घ्या. हत्यार पेनसारखं धरायचं. हालचाल फक्त अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची. कोपर हवेत असेल तर थांबा, टॉवेल वाढवा.

पहिल्या दिवशी टाका घालायचाच नाही, फक्त सुई उचलायची. सुईपासून दोनेक सेंटिमीटरवर धागा चिमट्याने धरा, सुई लोंबू द्या, तिचं टोक खाली अलगद टेकवा. ती हवी त्या दिशेला वळली की नीडल होल्डरने मध्याच्या किंचित मागे पकडा. सुई होल्डरशी काटकोनात आली पाहिजे. टोकाला कधीही धरायचं नाही, एकदा धरलं की ती बोथट झाली. हे वीस वेळा न चुकता जमेपर्यंत पुढे जायचं नाही.

टप्पा ३: रबर

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावर लॅटेक्स ग्लोव्हचा तुकडा ताणून रबरबँडने बसवा. फार ताणू नका, चीर दिली की ती फाकते आणि गाठ सुटते. सेंटिमीटरभर लांबीच्या चार चिरा द्या: आडवी, उभी आणि दोन तिरप्या. सगळे जण आडव्या चिरेवर पक्के होतात आणि पेशंटमधली व्हेसल मात्र कधीच सोयीच्या दिशेला नसते, म्हणून चारही.

सुरुवात ८-० ने, मग ९-०. सुई रबरात काटकोनात शिरली पाहिजे आणि स्वतःच्या वळणानेच बाहेर आली पाहिजे. धागा ओढताना सुई गेली त्याच रेषेत ओढायचा. वर उचलून ओढला की भोक चिरतं. लहान टोक मिलिमीटरभरच ठेवा, लांब ठेवलं तर ते गाठीत अडकतं. गाठ: आधी दुहेरी वेढा, त्यावर उलट दिशेने एकेरी, मग पुन्हा एकेरी. कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या की थांबायचं.

*तपासा:* सलग दहा टाके, दोन्ही बाजूंना सारखा घास (कडेपासून सुई शिरते तेवढं अंतर), टाक्याटाक्यांत सारखं अंतर, एकही धागा न तुटता. हे चारही चिरांवर जमलं तरच पुढचा टप्पा. आठव्या टाक्याला तुटला तर मोजणी पुन्हा एकपासून. याची घाई करणारे पुढे तंगडीवर तीच चूक करतात आणि तिथे ती दिसत नाही.

टप्पा ४: नळी

आता गोल वस्तू. २ मिलिमीटरची मऊ सिलिकॉन ट्यूब, मग १ मिलिमीटरची. कोंजाकच्या पोकळ नूडल्सही वापरल्या जातात. त्या फार नाजूक असतात, व्हेनच्या (शिरेच्या) सरावाला उपयोगी, पण पहिल्याच दिवशी घेऊ नका. इन्फंट फीडिंग ट्यूबवर सराव करू नका, ती इतकी कडक असते की सुईच वाकते.

ज्यांना चिकनला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी हा टप्पाच मुख्य आहे. आपल्याकडे जैन आणि वैष्णव घरांतले रेसिडेंट दर वर्षी असतात आणि बरेच जण संकोचाने बोलत नाहीत. त्यांच्यावर तंगडीची सक्ती करू नये. सिलिकॉनवर जोडाचे पुढचे टप्पे करता येतात, फक्त व्हेसल शोधणं, ॲडव्हेंटिशिया (व्हेसलचं सैल बाह्य आवरण) काढणं आणि नर्व्हचं (मज्जातंतूचं) काम राहतं. ते पुढे थिएटरमध्ये सिनियरच्या हाताखाली शिकावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

टप्पा ५: तंगडी आणणं आणि व्हेसल शोधणं

चिकनच्या दुकानात ‘लेग पीस’ मागितलात तर तो सवयीने कातडी काढून देईल आणि मध्ये सुराही मारेल. स्पष्ट सांगा: पूर्ण तंगडी, मांडीसकट, कातडीसकट, एकही वार न घालता. एक वार बसला की आर्टरी गेली. हे मांस खाण्यासाठीच विकायला ठेवलेलं असतं, सरावासाठी वेगळा पक्षी मारायला लागत नाही, आणि सांगूही नका.

ताजी आणलेली तंगडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक-दोन दिवस चालते. फ्रीझरमधली वापरायची तर रात्रभर खालच्या कप्प्यात वितळू द्या, पण तिची भिंत ठिसूळ होते हे लक्षात ठेवा. डबा वेगळा, जेवणाच्या फ्रीजमध्ये नाही. ग्लोव्ह्ज घालूनच काम करा. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला असू शकतो.

उघडताना: कातडी सोलून मांडीचं हाड बोटाने चाचपा. हाडाच्या मागच्या बाजूचे स्नायू कापायचे नाहीत, बोटाने आणि बोथट टोकाने वेगळे करायचे. आत हाडाला समांतर जाणारा जुडगा दिसेल. आधी नजरेला पडते ती पांढरी, जाड नर्व्ह. तीच तुमची खूण. तिच्या शेजारी पातळ भिंतीची काळसर व्हेन आणि फिकट, गोल आर्टरी. मांडीच्या वरच्या टोकाला आर्टरी साधारण २ मिलिमीटरच्या आसपास असते, गुडघ्याकडे बारीक होत जाते. वरून सुरुवात करा आणि रोज थोडं खाली सरका. त्याहून बारीक हवी असेल तेव्हा पंख घ्या.

बाजूच्या फांद्या दिसतील तेवढ्या बांधा. आत्ता आळस केलात तर टप्पा ७ मध्ये पाणी जोडातून गळतं आहे की फांदीतून, हे कळणार नाही.

टप्पा ६: जोड

१. क्लॅम्प लावा, मागे निळा फुगा सरकवा, मग आर्टरी एका झटक्यात सरळ कापा. कुरतडलेली कड जुळत नाही.

२. ॲडव्हेंटिशिया काढा. टोकाजवळचं सैल बाह्य आवरण चिमट्याने पुढे ओढा, शर्टाची बाही हातावरून पुढे यावी तसं, आणि कापा. सोडलं की कड मागे सरकते आणि स्वच्छ गोल तोंड दिसतं. हे काम अर्धवट राहिलं तर त्याचे तंतू टाक्याबरोबर आत जातात, आणि जिवंत व्हेसलमध्ये त्यावरच गुठळी धरते. फार मागपर्यंत सोलू नका, भिंत दुबळी होते.

३. सलाइनने आत धुवा. दुकानातल्या तंगडीत जुन्या गुठळ्या असतातच. डायलेटरने तोंड हलकेच रुंद करा.

४. पहिले दोन टाके समोरच्या बाजूला, एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणजे घड्याळात दहा आणि दोन वाजता. त्यांची टोकं लांब ठेवा, पकडायला. घास भिंतीच्या जाडीच्या साधारण दुप्पट.

५. समोरची बाजू भरा. मग क्लॅम्प उलटा करा.

६. उलटल्याबरोबर टाका घालू नका. आत बघा. समोरच्या टाक्यांपैकी कुणी मागची भिंत पकडली असेल तर ती आत्ताच दिसते, नंतर नाही.

७. मागचा मधला टाका, मग उरलेले. शेवटचे दोन आधी नुसते ओवून घ्या, गाठ मारू नका. त्या फटीतून सलाइन मारून आत पुन्हा बघा, मग दोन्ही बांधा. १ मिलिमीटरच्या आर्टरीला सगळे मिळून साधारण ८ टाके पुरतात.

*इशारा:* चिमट्याने आतला थर कधीही धरायचा नाही. धरायचं ते फक्त बाहेरचं आवरण. सुईला आधार हवा असेल तर मिटलेला चिमटा तोंडात घालून आतून टेका द्या. तंगडीवर आतला थर चिमटला तर काही होत नाही, म्हणूनच ही सवय इथे लागते आणि पेशंटपर्यंत जाते.

गळेल या भीतीने जास्त टाके घालणं ही दुसरी नेहमीची चूक. प्रत्येक टाका आतल्या थराला एक जखम आहे. कडा जुळल्या असतील तर कमी टाक्यांतही जोड धरतो.

टप्पा ७: पाणी सोडणं

सलाइनच्या बाटलीत खायचा लाल रंग थोडा विरघळवा. कुंकू घालू नका, त्याचे कण जोडात अडकतात आणि उगाच निकाल चुकतो. पिवळा कॅन्युला वरच्या टोकात घालून बांधा आणि बाटली आर्टरीच्या पातळीपासून १३६ सेंटिमीटर वर टांगा. एवढ्या उंचीला १०० मिलिमीटर मर्क्युरीचा दाब येतो. टेपने मोजा, अंदाजाने नको.

आधी खालचा क्लॅम्प काढा, मग वरचा. खालचं टोक मोकळं ठेवून प्रवाह नीट येतो का बघा. नंतर ते टोक बंद करा, कारण पाणी वाहत असताना जोडावर पूर्ण दाब येतच नाही. बंद टोकावर दोन मिनिटं घड्याळ लावून थांबा. कुठे थेंब येतो ते बघा, फोटो काढा. लगेच जास्तीचा टाका घालू नका. पूर्ण बघून मग ठरवा.

टप्पा ८: उघडून बघणं

इथे मला माझंच सांगायला हवं. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी मी ड्यूटी संपल्यावर रोज एक तंगडी करत असे. एका संध्याकाळी गळती नसलेला, सरळ, सुंदर जोड मी सरांना दाखवायला नेला. त्यांनी बाहेरून पाहिलंही नाही. म्हणाले, “उघडलास का?” नव्हता उघडला. त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली. लांबीत चिरून फुग्यावर पसरला, तर दोन वाजताच्या टाक्याने मागची भिंत पकडलेली. पाणी अर्ध्या तोंडातून जात होतं आणि मला ते पुरेसं वाटलं होतं. त्याआधीचे सगळे जोड मी पिशवीत टाकून दिले होते. त्यांत काय होतं, मला कधीच कळणार नाही.

तर: दोन टाक्यांच्या मधून लांबीत चिरा, आतली बाजू वर करून पसरा, सुयांनी टोचून ठेवा, १६ पटीला बघा. ॲनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स नावाची दहा चुकांची यादी यासाठी वापरतात. जोडाची रेषा तुटणं, मागची किंवा बाजूची भिंत पकडली जाणं, तिरका टाका, कड आत दुमडणं, अर्ध्याच जाडीतून गेलेला टाका, असमान अंतर, फाटलेली भिंत, आवळलेली कड, ल्यूमेनमध्ये (आतल्या पोकळीत) आलेला धागा, कडा एकमेकींवर चढणं. प्रत्येक जोडाला ही यादी लावा, चुका मोजा.

यातली अर्ध्या जाडीची चूक सर्वात फसवी. बाहेरून टाका उत्तम बसलेला दिसतो, आत मात्र तिथे धागाच नसतो. आतल्या बाजूने टाके मोजा. बाहेर आठ आणि आत सात असतील तर उत्तर मिळालं.

फोटो नाव न लिहिता दुसऱ्या रेसिडेंटला पाठवा आणि त्याला मोजू द्या. स्वतःच्या कामाकडे बघताना डोळा माया करतो. वहीत तारीख, धाग्याचा नंबर, लागलेला वेळ, गळती आणि चुकांची संख्या लिहा. वेळेपेक्षा चुका आधी कमी झाल्या पाहिजेत. वेळ घटतो आहे आणि चुका तेवढ्याच आहेत, असं दिसलं तर मागे टप्पा ३ वर जा.

टप्पा ९: व्हेन, नर्व्ह आणि बाजूचा जोड

त्याच तंगडीत व्हेन आणि नर्व्ह फुकट आहेत, त्या टाकू नका. व्हेनची भिंत मिटून जाते, म्हणून ती सलाइनच्या तळ्यात बुडवून शिवा, कडा आपोआप तरंगून उघडतात. घास आर्टरीपेक्षा थोडा मोठा. नर्व्हला टाका फक्त बाहेरच्या आवरणातून घ्यायचा, आतल्या जुड्या जुळवून, पीळ न पाडता. आर्टरीच्या बाजूला भोक पाडून दुसरी जोडणं हे शेवटी, आणि भोक तोंडाएवढंच, मोठं नाही.

टप्पा १०: थिएटरकडे

तंगडीतल्या आर्टरीला स्पाझम येत नाही (ती आकसून आवळत नाही), तिच्यात रक्त गोठत नाही, पेशंटचं बीपी पडत नाही. हे शिकायची जागा सिनियरच्या शेजारी आहे. तिथेही पायऱ्या पाडा: आधी व्हेसल तयार करणं, मग क्लॅम्प आणि धुणं, मग समोरचे टाके, आणि अखेर पूर्ण जोड. वहीतली शेवटची दहा पानं सिनियरना दाखवून विचारा की आज कुठली पायरी मिळेल. चुका मोजलेल्या दिसल्या की बहुतेक जण हातात सुई देतात.

आवराआवर

आधी सुया मोजा. उघडलेली पाकिटं आणि सापडलेल्या सुया जुळल्याशिवाय कुणी उठायचं नाही. १०-० ची सुई फरशीवर डोळ्याला दिसत नाही, चुंबक फिरवा. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टिश्यू पिवळ्या पिशवीत, नाल्यात किंवा कँटीनच्या कचऱ्यात नाही. हत्यारं डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, टोकांवर आयव्ही ट्यूबचे छोटे तुकडे चढवून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद करा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पुड्या दर आठवड्याला बदला, नाहीतर पुढच्या वेळी चिमट्याच्या टोकाला गंज दिसेल.